माठातलं पाणी कितीला पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका स्वयंसेवी संस्थेकडे पिण्याच्या पाण्यासाठी 15 लाख रुपये आले आहेत. कुही आणि भिवापूर तालुक्यांतली सहा गावं निवडली आहेत, प्रत्येकी साधारण 1200 लोकवस्तीची. हाती तीन कोटेशनं आहेत: गावात आरओ प्लांट, घरोघरी कँडलचा फिल्टर, किंवा पाण्याच्या टाकीवर क्लोरीनचा डोसर, म्हणजे मापाने क्लोरीन सोडणारं साधन. आरओवाल्याने लिटरला 10 पैसे खर्च लिहून दिलाय. यातलं किफायतशीर कोणतं, आणि ते ठरवायचं कसं?

गेली 27 वर्षं मी विदर्भातल्या गावांच्या पाणीयोजनांवर काम करतोय. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतं आणि बहुतेक वेळा तोवर ऑर्डर देऊन झालेली असते. तुम्ही आधी विचारलंत याचं बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी लिटरमागे किती पैसे हा आकडा बाजूला ठेवा. तो खोटा नसतो, पण तो प्लांटच्या तोटीपाशी थांबतो. माणूस मात्र घरातल्या माठातलं पाणी पितो.

एका ऑगस्टमध्ये कुही तालुक्यातल्याच एका गावात आम्ही ओटी टेस्ट करत फिरत होतो. नमुन्यात थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या पहिल्या नळाला छान पिवळा रंग आला. गावाच्या टोकाच्या नळाला फिका, पण आला. जलसुरक्षक, म्हणजे गावात पाण्यात क्लोरीन टाकणारा माणूस, खूश होता, आणि त्याचं काम खरंच चोख होतं. तिथल्याच एका घरात पाणी मागितलं. बाईंनी ओगराळ्याने गुंडातलं पाणी काढून दिलं. परीक्षानळीत तेच घेतलं, थेंब टाकले, हलवलं, पण रंग काही येईना. विचारलं तर म्हणाल्या, "हे विहिरीचं आहे जी. नळाच्या पाण्याले वास येते, लेकरं पीतच नाहीत. नळाचं भांड्यांले, धुण्याले."

त्या गावात लिटरमागचा खर्च अगदी हिशोबात होता. टाकीत क्लोरीन होता, नळात क्लोरीन होता. पण ज्या दोन लेकरांसाठी तो सगळा खर्च होता, त्यांच्या पोटात विहिरीचं पाणी जात होतं. त्या घरापुरता तो खर्च संपूर्ण वाया. तेव्हापासून माझ्या हिशोबात भाजक एकच असतो: रोज प्रत्यक्ष सुरक्षित पाणी पिणारा माणूस. वर्षाचा एकूण खर्च भागिले अशी माणसं. बाकी सगळी मांडणी या एका भागाकाराभोवती आहे.

पण भागाकाराआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पाण्यात नेमकं काय आहे? जंतू आहेत की क्षार?

आपलं नागपूर भूगर्भाच्या दृष्टीने सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वरकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे जुना ग्रॅनाइटी, नाइस खडक. अशा जुन्या खडकातल्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड सापडण्याची शक्यता जास्त. चंद्रपूर आणि यवतमाळमधल्या काही पट्ट्यांत पिवळे, डाग पडलेले दात आणि वाकलेले गुडघे मी स्वतः पाहिलेत, आणि ते पाहिल्यावर माणूस पाण्याकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. वर्धा, अमरावती, बुलढाण्याकडे नायट्रेटचा त्रास आहे, त्यात खताचा आणि शेणाच्या उकिरड्यांचा मोठा वाटा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. नायट्रेटला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि तिथे सवलत नाही. ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जंतू, 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

क्लोरीन फ्लोराइडला हातसुद्धा लावत नाही. पाणी उकळलं तर नायट्रेट कमी होत नाही, उलट वाफ गेल्याने थोडं दाट होतं. आणि साधा कँडलचा फिल्टर फ्लोराइड, नायट्रेट यांपैकी कशालाच उपयोगी नाही. म्हणजे ज्या गावात खरा प्रश्न फ्लोराइडचा आहे, तिथे सगळ्यात स्वस्त क्लोरीनची किंमत अमर्याद होते, कारण भाजकात शून्य येतं. उलट ज्या गावात फक्त जंतूंचा प्रश्न आहे तिथे आरओ बसवणं म्हणजे विळ्याचं काम ट्रॅक्टरने करणं. शिवाय आरओ जेवढं पाणी देतो, बऱ्याचदा तेवढंच किंवा त्याहून जास्त नालीत सोडतो. उमरेड, भिवापूरकडे मे महिन्यात टँकर बघितलेत ना? मग ते नालीतलं पाणीसुद्धा खर्चात धरा.

म्हणून सहाही गावांतला प्रत्येक पिण्याचा स्रोत प्रयोगशाळेत तपासून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात क्षार दाटतात, पावसाळ्यात जंतू वाढतात. एकाच वेळची तपासणी अर्धीच गोष्ट सांगते. गावाला मिळालेलं लाल, पिवळं, हिरवं कार्डही बघा, पण ते मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता आणि साथीचा धोका सांगतं. फ्लोराइड त्यातून कळत नाही.

आता हिशोब. तिन्ही पर्याय 1200 लोकांच्या, म्हणजे 240 घरांच्या एका गावासाठी मांडतो. दर मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनमधले घाला. पद्धत महत्त्वाची.

आधी क्लोरीन. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरप्रमाणे गावाला रोज 66,000 लिटर पाणी लागतं. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर धरली तर रोज 330 ग्रॅम, वर्षाला सुमारे 120 किलो. किलोला 40 रुपये धरले तर 4,800 रुपये. इतकंच बघितलं तर माणशी वर्षाला 4 रुपये, आणि अहवालांमध्ये नेमका हाच आकडा झळकतो. पण पावडर स्वतःहून टाकीत पडत नाही. जलसुरक्षकाचं मानधन महिना 2,500 धरा, वर्षाचे 30,000. तपासणीची किट, प्रयोगशाळेत नमुने नेणं, कुणीतरी महिन्यातून एकदा येऊन बघणं, याचे 12,000. डोसर 20,000 चा, पाच वर्षं टिकणारा.

डोसरचे 20,000 नुसते पाचाने भागू नका. आज घातलेल्या पैशाला किंमत असते. 8 टक्के व्याज धरलं तर पाच वर्षांसाठी 5 ऐवजी 3.99 ने भागावं लागतं, म्हणजे वर्षाला 5,000 रुपये. सगळं मिळून 51,800, माणशी 43 रुपये. पावडरीच्या दसपट! फरक पडतो तो माणसाचा आणि देखरेखीचा. आणि घरोघरच्या माठात क्लोरीन सापडणारी घरं 60 टक्केच असली तर खरा आकडा 72 रुपये.

आरओ. यंत्र आणि शेड मिळून 6 लाख, आयुष्य 10 वर्षं. 8 टक्क्यांनी 10 ऐवजी 6.71 ने भागायचं, वर्षाला 89,400. चालवणाऱ्याचे 72,000, वीज 30,000, कार्ट्रिज आणि रसायनं 25,000, तीन वर्षांनी बदलायच्या मेंब्रेनचे (क्षार अडवणाऱ्या पडद्याचे) वर्षाचे 15,000. एकूण 2,31,400. आता निम्मी घरं रोज 20 लिटरचा एक कॅन नेतात असं धरू. वर्षाला 8,76,000 लिटर, म्हणजे लिटरला 26 पैसे, कॅनला सव्वापाच रुपये. कोटेशनमधले 10 पैसे कुठून आले? बहुतेक यंत्र पूर्ण क्षमतेने दिवसभर चालतं आणि यंत्राचे पैसे निधीतून आले म्हणून फुकट, असं धरून. फुकट कुणाचेच पैसे नसतात. त्या 6 लाखांत दुसरं काहीतरी झालं असतं.

120 कॅन जातात तेव्हा 600 लोक पितात, माणशी 386 रुपये. पण मी पाहिलेल्या बऱ्याच गावांत पहिल्या वर्षीची गर्दी दुसऱ्या वर्षी राहत नाही. पावसाळ्यात लोक म्हणतात, आता विहिरीला भरपूर पाणी आहे, कॅन कशाला? रोजचे 40 कॅनच उरले, तर वीज आणि रसायनाची थोडी बचत होऊनही खर्च दोन लाखांच्या घरात राहतो आणि पिणारे उरतात 200. माणशी 1,000 रुपये. यंत्र तेच, पाणी तितकंच शुद्ध, किंमत अडीचपटीहून जास्त. शिवाय ऐन पावसाळ्यात, जेव्हा गॅस्ट्रोची साथ येते, तेव्हाच लोक ते पाणी सोडतात.

घरगुती फिल्टर 2,000 रुपयांचा धरा, पाच वर्षांचा, म्हणजे वर्षाला 500, आणि कँडल बदलायला 400. पाच माणसांच्या घरात माणशी 180. निम्म्या घरांनी वापर सोडला तर खरेदीचा भार उरलेल्यांवर येतो आणि आकडा 280 होतो. वापर का सुटतो? कँडल बुजते, पाणी थेंबथेंब येतं, नवीन कँडल उमरेडला किंवा थेट नागपूरला इतवारीत मिळते. मजुरी बुडवून कोण जाणार? फिल्टर वाटायचेच असतील तर कँडल गावातल्या किराणा दुकानात किंवा आशाताईंकडे कशी मिळेल, हे आधी ठरवा. ते जमणार नसेल तर हा पर्याय सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरोघरी वाटलेल्या साधनांचं हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. ओडिशात दोन हजारांहून जास्त घरांत क्लोरीनच्या गोळ्यांची एक काटेकोर चाचणी झाली. निम्म्या घरांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण निष्क्रिय, आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही. 2013 मध्ये निकाल आला: जुलाबात दोन्ही गटांत फरक नाही. खऱ्या गोळ्या मिळालेल्या घरांतही जेमतेम एक तृतीयांश नमुन्यांत क्लोरीन सापडला होता. गोळी काम करत नव्हती असं यातून निघत नाही. ती पाण्यात पडतच नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या एका गणिती अभ्यासाने तर दाखवलं, की जिथे जंतूंचा मारा जास्त आहे तिथे पाणी शुद्ध करण्याचं प्रमाण 100 वरून 90 टक्क्यांवर आलं, तरी आरोग्याचा बहुतेक फायदा हातचा जाऊ शकतो. महिन्यातले तीन दिवस अशुद्ध पाणी पोटात गेलं की उरलेल्या सत्तावीस दिवसांची मेहनत पाण्यात.

याच्या उलट ढाक्यात काय झालं बघा. तिथल्या सामायिक नळांवर पाणी जाता जाता आपोआप क्लोरीन मिसळणारं साधन बसवलं. लोकांना काहीच करायचं नव्हतं, नेहमीसारखं भांडं भरायचं. मात्रा इतकी बेताची ठेवली की चव बिघडू नये. 2019 मध्ये आलेल्या निकालात मुलांमधले जुलाब 23 टक्क्यांनी कमी झाले होते, आणि ही चाचणीही कुणाला काय मिळालं हे न सांगता केलेली. मला या दोन चाचण्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. एकीत रोज घरच्या बाईने आठवण ठेवायची होती, दुसरीत तिच्यावर नवीन काम टाकलंच नव्हतं. आपल्या गावांत निंदणाला सकाळी सातला निघणाऱ्या बाईवर आणखी एक काम टाकून आपण योजना 'स्वस्त' करतो. तिचा वेळ खर्चात धरत नाही म्हणून ती स्वस्त दिसते. आरओच्या कॅनसाठी रोज अर्धा तास जात असेल तर वर्षाचे 180 तास होतात. त्याला अर्ध्या मजुरीचा तरी दर लावा आणि मग आकडे पुन्हा बघा.

निधी देणारे बहुतेक 'डॅली' विचारतील. आजारपणाने आणि अकाली मृत्यूने गमावलेलं निरोगी आयुष्याचं एक वर्ष म्हणजे एक डॅली. एक डॅली वाचवायला किती रुपये लागले, ही किफायतशीरपणाची जगभर वापरली जाणारी मोजणी. ती उपयोगी आहे, पण सहा गावांत ती प्रत्यक्ष मोजायला जाऊ नका. का ते आकड्यांत दाखवतो.

सहा गावांची वस्ती 7,200. हजारी 15 जन्मदर धरला तर वर्षाला 108 बाळं. पाच वर्षांच्या आत हजारी 20 मुलं दगावतात असं धरलं तर सहा गावांत मिळून वर्षाला दोन मृत्यू. जगभरच्या चाचण्या एकत्र करून नोबेल विजेते मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज असा, की पाणी शुद्ध केल्याने बालमृत्यू साधारण पाव भागाने कमी होतात. आपल्याकडे बरेच बालमृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले असतात, तिथे पाण्याचा संबंध कमी. म्हणून मी परिणाम निम्माच धरतो. म्हणजे वर्षाला 0.27 मृत्यू टळला, किंवा पावणेचार वर्षांत एक मूल. सहा गावांच्या क्लोरीनचा वर्षाचा खर्च 3.1 लाख. एक मूल वाचवायला साडेअकरा लाख, आणि त्याची पुढची 65 वर्षं धरली तर निरोगी वर्षामागे साडेसतरा हजारांच्या आसपास. टळलेले जुलाब, दवाखान्याचे पैसे, बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही. तरीही आरोग्यावर खर्च करण्याच्या दृष्टीने हा आकडा फार चांगला आहे.

पण हे मृत्यू तुम्हाला गावात मोजता येतील का? एका वर्षी दोन असतील, पुढच्या वर्षी तीन, मग एक. तो चढउतार नशिबाचा, योजनेचा नाही. आणि जुलाबाचं विचाराल तर ज्या आईला तुम्ही फिल्टर दिला, तिलाच "आता कमी झालं ना?" विचारलं तर ती तुमचा मान ठेवून हो म्हणेल. असे अहवाल मी ढिगाने वाचलेत. म्हणून आजारावरचा परिणाम मोठ्या, काटेकोर चाचण्यांमधून उचला, आणि गावात फक्त एकच गोष्ट प्रामाणिकपणे मोजा: न सांगता गेल्यावर घरातल्या पिण्याच्या भांड्यात सुरक्षित पाणी आहे की नाही. महिन्याला प्रत्येक गावात 20 घरं, दर वेळी वेगळी, चिठ्ठी टाकून निवडलेली. क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे का, आणि थोड्या नमुन्यांत ई. कोलाय.

परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नका. आफ्रिकेतल्या डॅलीचे आकडे अर्जात चिकटवण्याची सवय पडली आहे. तिथे बालमृत्यू जास्त, म्हणून त्याच रुपयात तिथे जास्त जीव वाचतात. आपल्याकडे ओआरएस घरोघर पोहोचलंय, 2016 पासून टप्प्याटप्प्याने रोटाव्हायरसची लस आली. तेच क्लोरीन इथे थोडे कमी मृत्यू टाळेल, आणि यात वाईट काही नाही. 'दरडोई उत्पन्नाच्या तिपटीच्या आत असेल तर किफायतशीर' असा एक ठोकताळाही तुम्हाला कुणी सांगेल. त्याच्या आंधळ्या वापराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनीच सावध केलंय. तुमचा खरा प्रश्न सोपा आहे: याच 15 लाखांत याहून जास्त लोकांना सुरक्षित पाणी पाजता येईल का?

क्लोरीनच्या बाजूने मी झुकलोय हे दिसतंच आहे, तेव्हा त्यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिलं म्हणजे पावडर. एका पंचायतीत स्वस्त पडतं म्हणून वर्षाची पोती मार्चमध्येच घेतली होती. पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात ती पडून राहिली. जुलैत पोतं उघडलं तर ढेकळं झालेली आणि नाकाला झोंबणारा वासच नाही. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. उन्हाने आणि ओलीने तो उडतो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये असा दंडक आहे. त्या गावात रोज इमानेइतबारे 5 ग्रॅमचं माप पडत होतं आणि पाण्यात जवळजवळ काहीच जात नव्हतं. दोन-दोन महिन्यांची पावडर घ्या, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, सावलीत ठेवा. किलोमागे चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

दुसरं गढूळपणा. कन्हान, वैनगंगेसारख्या नदीकाठच्या योजनांत पहिल्या पुराचं पाणी आलं की क्लोरीन मातीतच खर्ची पडतो. आधी तुरटी, निवळणं, मग क्लोरीन, आणि मग अर्धा तास थांबणं. हा अर्धा तास बऱ्याच गावांत मिळत नाही, कारण टाकी भरता भरताच नळ सोडतात. तिसरं, तो वास. एकदम जास्त मात्रा घातली की गाव कायमचं विहिरीकडे वळतं. त्या बाईंच्या घरात नेमकं तेच झालं होतं. आदल्या महिन्यात साथीच्या भीतीने कुणीतरी दुप्पट पावडर टाकली होती. म्हणून हाताने टाकण्यापेक्षा सावकाश, सारख्या मात्रेने सोडणारा डोसर मला जास्त आवडतो. शेवटच्या नळाला 0.2 मिळेल इतकीच मात्रा, महिनाभर हळूहळू वाढवत न्या.

उकळण्याबद्दल लोक विचारतात. वीस लिटर पाणी रोज उकळायला सुमारे पाव किलो गॅस लागतो. 14.2 किलोचं सिलिंडर फक्त त्यातच दोन महिन्यांत संपेल. 900 रुपयांचं सिलिंडर धरलं तर घराला वर्षाला पाच हजारांहून जास्त. तेवढ्याच पाण्याला टीसीएल लागते जेमतेम 37 ग्रॅम, वर्षभराची. आजारी माणसासाठी, तान्ह्या बाळासाठी जरूर उकळा, गावाची योजना म्हणून नको. बाटल्या उन्हात ठेवण्याची पद्धत आपल्या उन्हाळ्यात सुरेख चालते, पण साथ येते ती श्रावणात, आभाळ भरलेलं असताना.

फ्लोराइड निघालंच तर मात्र वेगळा विचार. पहिला खर्च दुसरा स्रोत शोधण्यावर करा: फ्लोराइड कमी असलेली उथळ विहीर, जवळच्या गावाची नळयोजना, छतावरच्या पावसाच्या पाण्याची टाकी. दूषित बोअरचं पाणी चांगल्या पाण्यात मिसळूनही कधी कधी 1 च्या खाली येतं, आणि त्याला फक्त पाइप लागतो. हे काहीच जमलं नाही तर मग शुद्धीकरण, आणि तेही फक्त पिण्या-स्वयंपाकाच्या माणशी 8 ते 10 लिटरचं. आपल्याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवण्याची नालगोंडा पद्धत काढली. स्वस्त आणि आपल्या हाताची. पण रोज मात्रा मोजायची, ढवळायचं, गाळ टाकायचा, आणि मात्रा चुकली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहतं. रोज करणारा माणूस पगारावर असेल तरच ती टिकते, घरोघर सोपवली तर टिकताना मी पाहिलेली नाही. अशा एखाद्या गावात आरओचे माणशी 386 रुपये मला जास्त वाटत नाहीत, कारण फ्लोराइडने वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. तिथे 40 कॅनवर येऊ न देणं हेच खरं काम. कॅनचा दर 5 रुपयांच्या वर नको, आणि हातगाडीने घरपोच करा.

तुमच्या 15 लाखांचं मी असं करीन. सहा गावांत डोसर बसवायला 1.2 लाख. पावडर, मानधन, तपासणीसाठी गावाला वर्षाला 46,800 रुपये, सहा गावं, तीन वर्षं: 8.4 लाख. हे 9.6 लाख झाले. उरलेले 5.4 लाख तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत खर्चू नका. फ्लोराइडचं किंवा नायट्रेटचं गाव निघालं तर ते त्याचे. जलसुरक्षकाचं मानधन पंचायत आधीच देत असेल, तर तुमच्या खिशातून ते जाणार नाही. पण अहवालात ते खर्च म्हणून दाखवाच, नाहीतर पुढची संस्था चार रुपयांत पाणी मिळतं असं समजून येईल.

तीन वर्षांनंतर कोण, हे करारातच लिहून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. अशा बंधित निधीतून पावडर, दुरुस्ती आणि तपासणीची तरतूद ग्रामसभेच्या ठरावात पहिल्याच वर्षी आली पाहिजे, आणि दर वर्षी पंचायतीचा हिस्सा वाढत गेला पाहिजे.

जमलं तर हिशोबाचा तक्ता करताना तीन आकडे बदलून बघा: पिणाऱ्यांचं प्रमाण, यंत्राचं आयुष्य आणि आजारावरचा परिणाम. प्रत्येक निम्मा करून बघा. पहिला आकडा हलवला की पर्यायांचा क्रम किती लवकर बदलतो ते तुम्हालाच दिसेल.

आणि पैसे सोडण्याआधी एक सकाळ काढून सहापैकी कुठल्याही एका गावात जा, कुणाला न कळवता. क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन तपासायची ओटीची किट, सोबत ठेवा. ओटीऐवजी डीपीडीच्या गोळ्या मिळाल्या तर आणखी चांगलं, त्यात मोकळा क्लोरीन नीट कळतो. दहा घरांत पाणी मागा आणि ते कुठून काढून देतात ते बघा.